‘देवावर सोडा’ म्हणजे नेमके काय सोडायचे?

प्रश्न: माझे वय 54. गेली वीस वर्षे गळ्यात तुळशीची माळ आहे, रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणते, एकादशी चुकवत नाही. चौदा महिन्यांपूर्वी यजमान गेले. मुलगा पुण्याला असतो, मी गावीच राहते. त्यांच्या शेवटच्या दोन महिन्यांत दवाखान्याच्या धावपळीत माझा हरिपाठ कितीतरी वेळा राहिला. त्याचेच हे फळ असावे, असे मनात येते. भेटायला येणारी माणसे ‘देवावर सोडा’, ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ असे सांगून जातात. हरिपाठ आजही चालू आहे, पण आत कोरडे वाटते आणि कधी कधी देवाचा राग येतो. भरवसा ठेवायचा म्हणजे मी करायचे तरी काय?

उत्तर: ताई, आधी त्या दोन महिन्यांविषयी लिहितो, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांखाली तीच बोच दडलेली आहे असे मला वाटते. आपला देव विटेवर का उभा आहे, हे वारकऱ्याच्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. देव दाराशी आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. हातातले काम टाकून तो उठला नाही. त्याने एक वीट मागे सरकवली, ‘यावर थांब’ म्हणून सांगितले, आणि देव कमरेवर हात ठेवून थांबला तो आजतागायत तसाच उभा आहे. ज्या संप्रदायाची कथाच माणसाच्या सेवेसाठी देवाला ताटकळत ठेवण्यापासून सुरू होते, त्या संप्रदायात नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईचा हरिपाठ राहिला म्हणून देव कोपतो, हे मला तरी कोणत्याही संताच्या शब्दांत सापडलेले नाही. आपण जयघोष करतो तो ‘पुंडलिक वरदा’ असा, म्हणजे देवाला हाक मारतानासुद्धा आपण आधी त्या सेवेकऱ्याचे नाव घेतो. तुम्ही त्या दोन महिन्यांत सलाईनची बाटली संपत आली का हे बघत जागलात, त्यांचे तोंड पुसलेत, कूस बदलून दिलीत. तेवढे दिवस देव विटेवर थांबला होता, इतकेच समजा. आणि ‘माझ्यामुळे हे झाले’ हा विचार पुन्हा आला तर त्याला पुंडलिकाची गोष्ट सांगा, जितक्या वेळा तो येईल तितक्या वेळा सांगा.

आता तुम्हाला ऐकवल्या जाणाऱ्या त्या चरणाविषयी. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ हे तुकोबांचे शब्द खरे आहेत आणि त्यांच्यापुढे मी रोज हात जोडतो. परंतु ते दुसऱ्याच्या दुःखावर झाकण ठेवण्यासाठी वापरले जातात तेव्हा मला फार वाईट वाटते. हे शब्द कोणाचे आहेत ते पाहावे. 1630 च्या सुमारास दख्खनेत जो भयंकर दुष्काळ पडला, त्यात तुकोबांचा व्यापार बुडाला, मान गेला, आणि एक बायको ‘अन्न अन्न’ करीत मेली, हे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगात सांगून ठेवले आहे. हा मनुष्य त्यानंतर ‘तैसेचि’ हातावर हात ठेवून बसला काय? त्याच अभंगात पुढे ते सांगतात की देवाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते उभे करावे असे चित्ताला वाटले. आधी देऊळ दुरुस्त केले, मग एकादशीला कीर्तन करू लागले, पुढे गाणाऱ्यांच्या मागे धृपद धरले. परंपरा असेही सांगते की लोकांकडून येणे असलेल्या कर्जाच्या खतपत्रांपैकी आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली. म्हणजे काय धरायचे आणि काय सोडायचे, याची निवड त्यांनी रोज, हाताने काम करीत केली. ‘तैसेचि राहावे’ यातले राहणे हे असे जागे राहणे आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. दिवाळे निघाले, दुष्काळाने पीडा केली हे बरेच झाले, असेही तुकोबा एका अभंगात म्हणतात. पण ते त्यांचे स्वतःचे बोलणे आहे, आणि दुःखातून बाहेर आल्यावर मागे वळून केलेले बोलणे आहे. ज्याचे गेले त्यालाच ते म्हणण्याचा अधिकार. समाचाराला आलेल्या पाहुण्याने, चहाचा कप हातात धरून, ‘देव करतो ते बऱ्यासाठीच’ असे म्हणू नये. तुम्हाला आज ते बरे वाटत नसेल तर तसे म्हणण्याचे ओझे स्वतःवर घेऊ नका. पुढे कधी म्हणावेसे वाटले तर म्हणाल, नाही वाटले तरी तुमच्या भक्तीत त्यामुळे काही उणे येत नाही.

भरवसा ठेवायचा म्हणजे करायचे काय, हे मला ग्रंथातून कळण्याआधी एका वळकटीने शिकवले. मी 1989 पासून ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालत आलो आहे. दिंडीतल्या प्रत्येकाची एक वळकटी असते: सतरंजी, चादर, दोन जोड कपडे, पावसासाठी प्लास्टिकचा कागद, हे सगळे गुंडाळून सुतळीने आवळलेले आणि वर रंगाने नाव-गाव लिहिलेले. पहाटे तीनच्या सुमारास उठायचे, टँकरच्या पाण्याने अंघोळ उरकायची, तंबू उतरवायला हात लावायचा आणि वळकटी दिंडीच्या ट्रकमध्ये टाकायची. ट्रक पुढच्या मुक्कामी जातो. आपण टाळ घेऊन मोकळ्या अंगाने चालायचे.

पहिल्या वर्षी मी वळकटी ट्रकमध्ये टाकली नाही. हरवली तर रात्री काय करायचे, पाऊस आला आणि ताडपत्री गळली तर काय, अशा शंका काढून ती खांद्यावर घेतली. पुणे ते सासवड हा टप्पा लांबचा आणि दिवस एकादशीचा. दिवे घाटाच्या पायथ्याशी येईपर्यंत खांदा सोलवटला होता, टाळ पिशवीत गेले होते आणि तोंडातले भजन केव्हाच थांबले होते. डोक्यात फक्त ओझे होते. माझ्या पुढच्या ओळीत सत्तरीचे एक गृहस्थ चालत होते, त्यांनी मागे वळून पाहिले आणि म्हणाले, “माऊली, ओझं वाहायला ट्रक आहे. पण आपल्या वाटचं चालायला ट्रक नाही. ते तेवढं आपल्याकडं ठेवा.” पुढच्या टप्प्याला मी वळकटी ट्रकमध्ये टाकली. तेव्हापासून ‘देवावर सोडणे’ हे शब्द ऐकले की मला तो घाट आठवतो.

त्या गृहस्थांच्या बोलण्यात दोन भाग आहेत आणि माणसे बहुधा एकच भाग ऐकतात. ट्रकमध्ये काय जाते आणि खांद्यावरच्या पडशीत काय राहते, हे प्रत्येक वारकऱ्याला पक्के ठाऊक असते: टाळ, पाण्याची बाटली, औषधाच्या गोळ्या, ओळखपत्र आपल्यापाशी; बाकीचे ट्रकमध्ये. तुमच्या बाबतीत पाहू. सातबाऱ्यावरची वारसनोंद, बँकेच्या खात्यावरची नावे, निवृत्तिवेतनाचे कागद, स्वतःची तब्येत, मुलाशी मोकळेपणाने बोलणे, हे सगळे पडशीतले आहे. हे देवावर सोडायचे नसते, हे करायचे असते. याउलट यजमान याच वयात का गेले, दुसऱ्या दवाखान्यात नेले असते तर वाचले असते का, आणखी दहा वर्षांनी मी एकटी कशी असेन, ही वळकटी आहे. यातला एकही प्रश्न तुम्ही दिवसभर खांद्यावर वाहिल्याने सुटणार नाही, आणि तो वाहताना हातातले टाळ मात्र बाजूला पडतील. ‘दुसऱ्या दवाखान्यात नेले असते तर’ ही तर सगळ्यांत जड वळकटी. माझ्या अनुभवात ज्या घरी माणूस गेले आहे त्या प्रत्येक घरी ती असते.

आणि आता जे सांगतो ते कृपा करून नीट वाचा, कारण इथेच अनेक श्रद्धाळू माणसे खचतात. ट्रक वळकटी कायमची घेऊन जात नाही. संध्याकाळी मुक्कामावर ती तुमची तुम्हाला परत मिळते, तुम्ही ती उलगडता, तिच्यावरच झोपता. दुःखही तसेच आहे. सकाळी पांडुरंगाच्या पायांशी ठेवलेले रात्री अंथरुणावर परत येते, आणि माणसाला वाटते की माझा भरवसाच खोटा, माझे सोडणेच खरे नव्हते. ते खरेच होते, ताई. सकाळी पुन्हा गुंडाळायचे, सुतळी आवळायची आणि पुन्हा ट्रकमध्ये द्यायचे. आळंदी ते पंढरपूरच्या वाटेत हे एकदा करून भागत नाही, रोज करावे लागते, आणि रोज केले म्हणून पहिल्या दिवशीचे वाया गेले असे कोणी म्हणत नाही.

पडशीतली वस्तू ट्रकमध्ये टाकल्याचा एक प्रसंग माझ्या हातून घडलेला आहे. मला मधुमेह आहे. एका वारीत ‘आता माऊली बघतील’ असे म्हणून मी चार दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. लोणंदच्या अलीकडे चक्कर येऊन रस्त्याच्या कडेला पडलो, आणि वारीबरोबर असलेल्या वैद्यकीय पथकातल्या एका तरुण डॉक्टर मुलीने मला सावरले. तिने साखर तपासून झाल्यावर एवढेच विचारले, “बाबा, गोळ्या कुणी बंद केल्या?” मला उत्तर देता आले नाही, कारण त्या मी बंद केल्या होत्या आणि नाव देवाचे घेतले होते. त्या दिवसापासून कोणी औषध टाकून देवाचा भरवसा सांगू लागले की मी त्यांना स्पष्ट विरोध करतो. म्हणून तुम्हालाही आग्रहाने सांगतो: रात्र रात्र झोप येत नसेल, जेवण जात नसेल, सकाळी उठावेसेच वाटत नसेल, तर तालुक्याच्या ठिकाणी मनाच्या डॉक्टरांना अवश्य दाखवा. त्यांच्याकडे गेल्याने तुमच्या गळ्यातल्या माळेचा अवमान होत नाही.

देवाचा राग येतो, असे तुम्ही जरा भीतभीत लिहिले आहे. जनाबाई आपल्या लाडक्या विठ्ठलाला एकेरीवर येऊन, शिव्यांची लाखोली वाहून भांडली आहे, आणि तिचे ते अभंग आपल्या परंपरेने वगळून न टाकता जपून ठेवले आहेत. नामदेव रुसले आहेत, तुकोबांनी देवाला जाब विचारला आहे. चोखोबांनी तर देवळाच्या पायरीपलीकडे पाऊल टाकू न देणाऱ्या जगाचे गाऱ्हाणे देवापुढेच मांडले. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याशी माणूस भांडत बसत नाही, त्याच्याशी बोलणे सोडून देतो. तुम्ही रागावलेल्या असूनही संध्याकाळी हरिपाठाला बसता, यावरून मला तुमच्या भरवशाची काळजी वाटत नाही. राग आला की तो त्याच्यापुढेच बोला, मोठ्याने बोला, घरात कोणी नसते हे त्या कामी तरी उपयोगी पडू द्या.

कोरडेपणाविषयी मात्र थोडे कठीण बोलावे लागेल, आणि ते मी स्वतःवरून बोलतो. 2020 साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही. माऊलींच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला नेल्या, आणि 1 जुलैला आषाढी एकादशी आली तेव्हा आम्ही वारकरी आपापल्या घरी होतो. त्या दिवशी सकाळी मी देवघरापुढे टाळ घेऊन उभा राहिलो आणि माझ्या तोंडून अभंग निघेना. इतकी वर्षे ज्याला मी विठ्ठलावरचा भरवसा समजत होतो, त्यात केवढा तरी भाग दिंडीचा, मृदंगाचा, पुढे-मागे चालणाऱ्या माणसांचा होता हे त्या रिकाम्या खोलीत मला कळले. फार लागले ते. नंतरच्या महिन्यांत मी आणखी खोल पाहिले, तेव्हा तिथे एक करारही सापडला: मी इतक्या वाऱ्या केल्या आहेत, तेव्हा माझ्या घरादाराला काही होणार नाही. हा करार मी कधी तोंडाने बोललो नव्हतो. नवसाने मुले होत असती तर नवरा कशाला करावा लागला असता, असे म्हणणाऱ्या तुकोबांचा अभंग मी कीर्तनात कितीदा सांगितला होता, आणि माझ्याच मनाच्या तळाशी न बोललेला नवस बसला होता.

तुमच्या वीस वर्षांच्या हरिपाठाखाली असा काही करार होता का, हे तुम्हीच पाहू शकाल. मी तो होताच असे म्हणत नाही. असला तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रपंचातल्या माणसाची भक्ती बहुधा तिथूनच सुरू होते. पण तो मोडला की जी पोकळी जाणवते तिलाच आपण कोरडेपणा म्हणतो, आणि देव गेला असे समजतो. माझ्या समजुतीप्रमाणे त्या वेळी करार गेलेला असतो आणि देव पहिल्यांदाच कराराशिवाय समोर उभा असतो. त्याची ती ओळख नवी असते, म्हणून सुरुवातीला परकी वाटते. मला त्या ओळखीला दीड-दोन वर्षे लागली.

त्या काळात मला तारले ते भजनाच्या ठरलेल्या क्रमाने. दिंडीत सकाळी मंगलाचरण, मग काकड्याचे अभंग, भूपाळ्या, वासुदेव आणि आंधळे-पांगळे ही रूपकांची पदे, गौळणी, पुढे हरिपाठ, ज्या वाराचे त्या वाराचे अभंग, असा क्रम असतो, आणि तो कोणाच्या मनाची स्थिती विचारून ठरत नाही. मन लागले तर उत्तम, न लागले तरी टाळ चुकवायचा नाही. पूर्वी मला हे यांत्रिक वाटे. आता वाटते की आपल्या आधीच्या पिढ्यांनी कोरड्या दिवसांची सोय म्हणूनच हे बांधून ठेवले असावे, कारण ओल्या दिवसाला क्रमाची गरज पडत नाही. तुमचा हरिपाठ आतून कोरडा असतानाही चालू आहे हे तुम्ही कमीपणा म्हणून लिहिले आहे. मी ते तुमच्या पत्रातले सर्वांत बळकट वाक्य मानतो. फक्त एक बदल सुचवतो. आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी तो घरी एकटीने न म्हणता देवळात इतर बायकांबरोबर म्हणा. आपला आवाज अडखळला की शेजारणीचा आवाज ओळ पुढे नेतो, आणि काही दिवस तेवढाही आधार पुरतो.

समाधान कधी लाभेल, हे तुम्ही विचारले नाही, पण प्रश्नात ते आहेच. ते मागे लागून मिळत नाही. मला तरी ते कधी उत्सवासारखे, गाजावाजा करीत आलेले आठवत नाही. रात्री तंबूत आडवे झाल्यावर उद्याच्या वाटेचा, पावसाचा, घरच्या कामांचा हिशेब मांडत बसण्याची मला जुनी सवय होती. एका वर्षी नातेपुत्यापुढच्या मुक्कामात शेजारच्याने विचारले, “हल्ली लगेच झोपता?” आणि तेव्हा ध्यानात आले की ती सवय केव्हा तरी सुटली होती. कोणत्या दिवशी सुटली ते सांगता येणार नाही. हिशेब अजूनही असतात, घरचे प्रश्नही सगळे सुटलेले नाहीत. ते रात्री माझ्या छातीवर बसत नाहीत, एवढाच फरक पडला आहे, आणि तेवढा फरक मला पुष्कळ आहे.

शेवटी एक काम सांगतो. तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह होत असेलच. सप्ताहात सात दिवस, रात्रंदिवस, वीणा खाली ठेवायची नसते; एकाचा पहारा संपला की दुसरा येतो. मी अनेक रात्री ती गळ्यात घालून उभा राहिलो आहे. मध्यरात्रीनंतर मंडपात कोणी नसते, समोर समई असते, बाहेर कुत्री भुंकत असतात, पाय भरून येतात, आणि तरी एक गोष्ट निश्चित ठाऊक असते की ही वीणा माझ्या आधी कोणीतरी सांभाळली आणि माझ्यानंतर कोणीतरी येऊन सांभाळणार आहे. सात दिवस मला उभे राहायचे नाही. माझे दोन तास माझे. पुढचा पहारेकरी येतो, आपण त्याच्या पाया पडतो, तो आपल्या पाया पडतो, वीणा गळ्यातून गळ्यात जाते आणि नाम थांबत नाही. भरवसा या शब्दाचा अर्थ मला याहून स्पष्ट कुठे दिसलेला नाही.

काही गावांत बाईच्या, त्यातही यजमान गेलेल्या बाईच्या, गळ्यात वीणा घालायला आजही मागेपुढे पाहतात. मुक्ताबाई, जनाबाई, कान्होपात्रा यांचे अभंग म्हणणाऱ्यांनी असे करावे हे मला मान्य नाही आणि मी आमच्या गावात ते चालू दिलेले नाही. कोणी आडवे आले तर सप्ताहाच्या प्रमुखांशी शांतपणे बोला, मुलालाही बरोबर घ्या. पहाऱ्याची यादी मंडपाच्या खांबाला लागली की त्यात पहाटे तीन ते पाचची जागा शोधा. ती बहुतेक गावांत रिकामी असते. तिथे आपले नाव लिहून घ्या.